शेजारी जागणाऱ्याची साक्ष

चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची जत्रा भरते. भिवंडी तालुक्यातली वज्रेश्वरी, तिला लागून तानसा नदीकाठची अकलोली आणि जवळच गणेशपुरी. गरम पाण्याच्या कुंडांसाठी हा परिसर पिढ्यानपिढ्या ओळखला जातो. अशा ठिकाणी मुक्कामाला आलेली मंडळी ओळीने अंथरुणं टाकतात आणि दिवा मालवला, की थोड्याच वेळात कुणीतरी घोरू लागतं. त्यातल्या एखाद्याच्या घोरण्याला वेगळीच चाल असते. आवाज चढत जातो आणि मध्येच तुटतो. दहा, वीस, कधी तीस सेकंद काहीच ऐकू येत नाही. शेजारचा जागा माणूस कान टवकारतो. घोरणाऱ्याची छाती वरखाली होत असते, पण नाकातोंडातून हवा जात नसते. मग एकदम मोठा फुत्कार येतो, अंग हिसका खातं आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. सकाळी घोरणारा म्हणतो, ‘काय गाढ झोप लागली!’ शेजारचा तांबारलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहतो. चारचौघं हसतात आणि सगळे कुंडाकडे निघतात.

त्या शेजाऱ्याने रात्रभर जे ऐकलं, तो एका गंभीर आजाराचा पुरावा होता. आज त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, हृदयावर ताण येतो आणि रात्रभर झोपूनही माणूस थकलेलाच उठतो. आजार माणसाइतकाच जुना असावा, पण वैद्यकाला तो नीट सापडला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. एवढा उशीर का झाला, याचं कारण आजाराच्या स्वरूपातच आहे. ज्याला तो होतो तो त्या वेळी झोपलेला असतो. त्याला सांगण्यासारखं काहीच आठवत नाही. पाहणारा असतो तो शेजारी, आणि शेजाऱ्याला तपासायला डॉक्टर कधी बोलावत नाहीत. म्हणून या आजाराच्या शोधाची कथा ही रात्री जागून ऐकणाऱ्यांची कथा आहे.

थट्टेची शतकं

जुन्या जगाला या आजाराच्या खुणा दिसल्या नव्हत्या असं नाही. सुश्रुतसंहितेत अतिस्थूल माणसाच्या तक्रारी दिल्या आहेत. त्यात धाप, तहान, फार झोप आणि घाम यांच्या जोडीला श्वास अचानक अडण्याचीही नोंद आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात काळ्या समुद्राच्या काठी हेराक्लिया नगरावर डायोनिसियस नावाचा राजा राज्य करत होता. तो इतका लठ्ठ झाला, की त्याला सारखी गुंगी येई आणि श्वास कोंडे. तो गाढ झोपी गेला, की त्याच्या कुशीत आणि पोटात लांब, बारीक सुया खुपसून त्याला जागं करावं, असा उपाय त्याच्या वैद्यांनी सांगितला होता. आज तो उपाय क्रूर वाटतो. पण या माणसाला झोपेतच धोका आहे, एवढं त्या वैद्यांना कळलं होतं.

आपल्याकडे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक अख्खा समास लिहिला. निरूपण ऐकायला बसलेली माणसं कशी पेंगतात, झोपेत कोण हातपाय हलवतो, कोण दात खातो, कोण बरळतो, हे त्यांनी बारकाईने टिपलं आहे. झोपलेल्या माणसाकडे इतक्या लक्षपूर्वक पाहणारं लेखन जुन्या मराठीत विरळाच. तरी रोख होता तो आळसावर. लोकांच्या मनात कुंभकर्णाची गोष्ट घट्ट बसलेली होती. जो मोठ्याने घोरतो तो सुखाने झोपतो, आणि जो दिवसा पेंगतो तो आळशी, हा समज घरोघरी होता. आजही तो पुरता गेलेला नाही.

इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ साली भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यातला जो नावाचा लठ्ठ पोऱ्या दारावर थाप मारता मारता उभ्या उभ्या झोपी जातो. वाचक खळखळून हसले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सर विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी या कादंबरीचा दाखला दिला. कादंबरीकाराने टिपलेलं चित्र वैद्यकात आलं, पण चित्र म्हणूनच राहिलं. कारण कुणी शोधलं नाही.

बॉस्टनचा पत्त्यांचा डाव

१९५६ साली बॉस्टनच्या सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. रुग्ण ५१ वर्षांचा, व्यवसायात वरच्या पदावरचा. बेताची उंची आणि वजन १२० किलोच्या आसपास. दर आठवड्याला तो मित्रांबरोबर पोकर खेळायला बसत असे. एका रात्री त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. असा हात क्वचित येतो. पण बोली लावायच्या आधीच त्याला झोप लागली आणि जिंकता आलेला डाव गेला. आपलं काहीतरी फार बिघडलं आहे हे त्याला त्या रात्री पटलं. काही दिवसांनी तो इस्पितळात दाखल झाला.

डॉक्टरांनी त्याला काटेकोर तपासलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड जास्त, प्राणवायू कमी, हृदयाची उजवी बाजू थकलेली. त्यांनी निष्कर्ष काढला, की अतिलठ्ठपणामुळे फुप्फुसं पुरेशी हलत नाहीत, त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याचीच गुंगी येते. अगदी कमी उष्मांकाच्या आहाराने त्याचं वजन उतरवलं आणि तो सुधारलाही. डिकन्सची आठवण ठेवून लेखाच्या मथळ्यात या अवस्थेला ‘पिकविक सिंड्रोम’ म्हटलं होतं, आणि ते नाव जगभर झालं.

निदान अर्धं बरोबर होतं. लठ्ठपणामुळे श्वसन मंदावणं ही अवस्था खरीच असते. पण दिवसाच्या पेंगेचं खरं कारण त्या रुग्णाच्या रात्रीत असण्याची शक्यता त्यांच्या विचारात आली नाही. दिवसा रक्त काढलं, दिवसा छाती तपासली, दिवसाच प्रश्न विचारले. तो झोपल्यावर त्याच्या उशाशी बसून श्वास ऐकणं हे त्या काळच्या तपासणीत बसतच नव्हतं. त्याच्या घरात ते रोज रात्री कुणीतरी ऐकत असेल.

तीन शहरांतल्या जागलेल्या रात्री

झोपेचा अभ्यास तोवर शास्त्रात उभा राहू लागला होता. मेंदूच्या विद्युतलहरींचे आलेख हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केले. १९५३ साली शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होणारा टप्पा दाखवून दिला. त्यालाच आपण आज रेम झोप म्हणतो. झोप म्हणजे नुसता विसावा नाही, तिच्यातही टप्पे आहेत, हे कळल्यावर संशोधक रात्र रात्र आलेखाच्या कागदाजवळ बसू लागले.

१९६५ साली युरोपात दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कोडं उलगडलं. जर्मनीच्या फ्रायबुर्गमध्ये रिचर्ड युंग आणि वोल्फगांग कूलो, आणि फ्रान्सच्या मार्सेयमध्ये आंरी गास्तो आणि त्यांचे सहकारी, पिकविक सिंड्रोमच्या रुग्णांच्या झोपेचे आलेख काढत होते. मेंदूच्या लहरींबरोबर त्यांनी श्वासाचीही नोंद घेतली आणि कागदावर दृश्य स्पष्ट उमटलं. रुग्ण झोपतो, श्वास थांबतो. पुढे काही सेकंदांसाठी मेंदू जागा होतो, श्वास सुटतो. पुन्हा झोप, पुन्हा थांबणं. हे रात्रभर, शेकडो वेळा चालतं. मार्सेयच्या गटाने दाखवलं, की छाती आणि पोट श्वास ओढायची धडपड करत असतात, पण हवेची वाट वर घशातच बंद झालेली असते. दिवसाची पेंग ही तुकडे तुकडे झालेल्या रात्रीची वसुली होती.

घशात नेमकं काय घडतं? नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतच्या वाटेला हाडाची किंवा कूर्चेची नळी नसते. ती स्नायूंनी उघडी धरलेली असते. आपण जागे असतो तेव्हा हे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात आणि रेम झोपेत तर फारच. जीभ मागे सरकते, पडजीभ आणि मऊ टाळू खाली येतात. वाट अरुंद झाली, की हवेने हे मांस थरथरतं, तेच घोरणं. वाट पूर्ण मिटली, की आवाज थांबतो. म्हणून ऐकणाऱ्याला घोरण्यातली शांतता घोरण्यापेक्षा जास्त घाबरवते, आणि ते योग्यच आहे. रक्तातला प्राणवायू घसरतो, शरीर धोक्याची हाक देतं, रक्तदाब उसळतो, मेंदू क्षणभर जागा होऊन स्नायू आवळतो. हे जागणं इतकं अल्प असतं, की सकाळी त्याची आठवण उरत नाही. मान जाड असणं, गळ्याभोवती चरबी, मागे असलेला लहान जबडा, टॉन्सिलच्या वाढलेल्या गाठी, झोपण्याआधीची दारू, या सगळ्यांमुळे ही वाट आणखी लवकर मिटते. मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम न येण्याचा आणखी एक प्रकार आहे, पण तो त्या मानाने विरळा.

इटलीत बोलोन्याला एलिओ लुगारेसी आणि जॉर्जो कोकान्या यांनी पुढचं पाऊल टाकलं. झोपलेल्या रुग्णाचा रक्तदाब त्यांनी रात्रभर सलग मोजला. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो. या रुग्णांचा मात्र प्रत्येक अडलेल्या श्वासानंतर चढत होता. प्रश्न आता पेंगेपुरता उरला नाही, तो हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा झाला. १९७२ साली रिमिनीला या विषयावर परिषद भरली. झोपेत मरणारी माणसं ‘झोपेतच शांतपणे गेली’ असं आपण म्हणतो. त्या शांततेत अनेकांची अशी धडपड दडलेली असणार, हे तेव्हापासून डॉक्टरांना दिसू लागलं.

गळ्यातलं छिद्र

त्याच १९७२ साली क्रिस्तियां गिल्मिनो हे फ्रेंच डॉक्टर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तिथे विल्यम डिमेंट यांनी १९७० साली झोपेच्या विकारांसाठी दवाखाना सुरू केला होता. गिल्मिनोंनी युरोपातलं काम जवळून पाहिलं होतं. झोपेच्या प्रत्येक तपासणीत श्वास आणि हृदय यांची नोंद झालीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आज जिला आपण स्लीप स्टडी म्हणतो, ती त्या आग्रहातून घडली. हृदयरोगतज्ज्ञ आरा टिल्किअन यांना सोबत घेऊन त्यांनी झोपलेल्या रुग्णांच्या हृदयातला आणि धमन्यांतला दाब मोजला. १९७६ साली त्यांनी या अवस्थेला ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव दिलं. त्याच वर्षी त्यांनी आठ मुलांच्या नोंदीही प्रसिद्ध केल्या. हा केवळ लठ्ठ प्रौढ पुरुषांचा आजार आहे हा समज तिथेच मोडला. टॉन्सिल वाढलेलं, घोरणारं, वर्गात लक्ष न लागणारं मूलही याच आजाराचं असू शकतं.

निदान झालं, पण उपचार काय? १९६९ साली कूलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय प्रसिद्ध केला होता. गळ्याला पुढून छिद्र पाडायचं आणि श्वासनलिकेत नळी बसवायची. घशातली वाट मिटली तरी हवा खालून आत जाते. दिवसा छिद्र बंद करून बोलायचं, रात्री उघडून झोपायचं. उपाय विलक्षण गुणकारी होता. वर्षानुवर्षं पेंगणारे लोक काही दिवसांतच ताजेतवाने झाले, चढलेले रक्तदाब उतरले. रोगाचं कारण बरोबर ओळखलं गेलं होतं याचा तो पुरावाच होता. पण गळ्यात कायमचं छिद्र घेऊन जगणं किती अवघड! जखम चिघळते, पाण्यात उतरता येत नाही, चारचौघांत वावरताना संकोच वाटतो. आजार जिवावर बेतलेला असला तरच कुणी ते पत्करत असे. बाकीच्यांना आजार सांगून डॉक्टर हात जोडत.

सिडनीची ती रात्र

ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन टोरांटोत एलियट फिलिप्सन यांच्याकडे झोपेतल्या श्वसनाचा अभ्यास करत होते. तिथे प्रयोग कुत्र्यांवर चालत. सिडनीला परतल्यावर सलिव्हन यांनी कुत्र्यांच्या नाकाडावर बसतील असे मुखवटे बनवले. त्याच काळात त्यांच्या मनात एक विचार घोळत होता. झोपेत घशाची वाट मिटते ती आतली ओढ सहन न झाल्यामुळे. मग नाकातून सौम्य दाबाने हवा सतत आत सोडली तर? नवजात बाळांची फुप्फुसं मिटू नयेत म्हणून सतत दाबाने हवा देण्याची रीत जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली होती. सलिव्हन यांना मात्र फुप्फुस उघडं ठेवायचं नव्हतं, घसा उघडा ठेवायचा होता.

जून १९८० मध्ये त्यांच्याकडे एक रुग्ण आला. आजार तीव्र होता आणि गळ्याला छिद्र पाडण्याचा सल्ला त्याला मिळाला होता. त्याने तो नाकारला, पण नवीन प्रयोगाला होकार दिला. घरात केर ओढायला वापरतात त्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरसारखा पंखा हवा ओढण्याऐवजी ढकलायला लावला, नळी जोडली आणि नाकावर मुखवटा बसवला. रुग्ण झोपला. श्वास थांबू लागला. सलिव्हन यांनी दाब हळूहळू वाढवला आणि एका टप्प्यावर श्वास सुरळीत चालू लागला. दाब कमी केला, की श्वास पुन्हा थांबे. वाढवला, की पुन्हा सुरू होई. थोड्याच वेळात रुग्ण खोल रेम झोपेत गेला. किती वर्षांत त्याला ती मिळाली नव्हती! सलिव्हन रात्रभर शेजारी जागे होते. सकाळी रुग्ण उठला तो ताजातवाना होऊन.

१८ एप्रिल १९८१ रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सलिव्हन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा लेख आला. पाच रुग्ण आणि पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीइतका दाब. एवढ्या अल्प दाबाने पाचही रुग्णांचा घसा रात्रभर उघडा राहिला. मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या बांधून आधार देतात, तसा हा हवेचा आधार होता. औषध नाही, चाकू नाही. आज ज्याला आपण सीपॅप मशीन म्हणतो ते हेच.

सुरुवातीची यंत्रं जड होती आणि आवाज करत. मुखवटा प्रत्येकाच्या नाकाच्या साच्यावरून वेगळा बनवायचा आणि रोज रात्री तो चेहऱ्यावर चिकटवायचा. तरीही लोकांनी ही यंत्रं घरी नेली आणि सोडली नाहीत. १९८५ साली अमेरिकेतल्या रेस्पिरॉनिक्स कंपनीने बाजारात विकायचं यंत्र आणलं. १९८९ साली ऑस्ट्रेलियात याच शोधावर रेसमेड या कंपनीची पायाभरणी झाली. दरम्यान जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात नाडीच्या ठोक्यांवरून रक्तातला प्राणवायू मोजण्याचं तत्त्व शोधलं होतं. त्या तत्त्वावर चालणाऱ्या, बोटाला लावायच्या चिमट्याची ओळख आपल्याकडे घरोघरी झाली ती कोविडच्या काळात. झोपेची तपासणी इस्पितळातून माणसाच्या घरी आली ती बरीचशी या चिमट्यामुळे.

माहीमच्या इस्पितळातली मोजणी

आजार किती जणांना आहे, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. १९९३ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाहणीने पहिला मोठा धक्का दिला. ३० ते ६० वयाच्या ६०२ जणांच्या तपासणीत २४ टक्के पुरुषांचा आणि ९ टक्के स्त्रियांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडखळत होता. हा तिकडच्या लठ्ठ लोकांचा आजार, आपल्याकडे कुठला, असं म्हणून आपण तो आकडा बाजूला ठेवू शकत होतो.

तसं म्हणायची सोय मुंबईने संपवली. माहीमच्या हिंदुजा इस्पितळातले छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. हे पुरुष आजारी म्हणून आले नव्हते, नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आले होते. त्यांच्यापैकी ६५८ जणांनी झोपेविषयीची प्रश्नावली भरली आणि २५० जणांची त्यांच्या घरी रात्रभर तपासणी झाली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडखळत होता, आणि दिवसा पेंग येण्याची जोड असलेला पुरा आजार ७.५ टक्क्यांना होता. मानेचा घेर, वजन आणि मधुमेह यांच्याशी त्याचा सर्वांत घट्ट संबंध दिसला. स्वतःला निरोगी समजणाऱ्या दर पाच मुंबईकर पुरुषांपैकी जवळपास एकाच्या बिछान्यात हे चाललं होतं. मधुमेह आणि पोटावरची चरबी घरोघरी वाढत असलेल्या महाराष्ट्राने ही मोजणी विसरता कामा नये.

२०१४ साली देशातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन निदान आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचना तयार केल्या. तरी सामान्य लोकांच्या कानांवर हे नाव पडलं ते १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले तेव्हा. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. ‘घोरण्याने माणूस मरतो?’ हा प्रश्न त्या आठवड्यात किती घरांत विचारला गेला असेल.

भिवंडीच्या वाटेवर

आता पुन्हा तानसेच्या खोऱ्याकडे वळू. अकलोलीच्या कुंडांत सांधेदुखीची, त्वचेच्या तक्रारींची माणसं उतरतात, तशी अंगातला थकवा घालवायला आलेलीही उतरतात. गरम पाण्याने दुखरे स्नायू सैलावतात, बरं वाटतं. पण थकव्याचं मूळ रात्रीच्या अडलेल्या श्वासात असेल, तर कुंडाचं पाणी तिथवर पोहोचत नाही. सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, चिडचिड, रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं, दोन-तीन गोळ्या घेऊनही न आटोक्यात येणारा रक्तदाब, ही सगळी त्याचीच लक्षणं असू शकतात. ती वयावर, कामावर किंवा नशिबावर ढकलली जातात.

याच तालुक्यात यंत्रमाग दिवसरात्र चालतात. पाळीपाळीने काम करणारे आणि पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणारे कामगार इथे हजारोंनी आहेत. गाव सोडून एकटे आलेल्या या माणसांच्या झोपेला साक्षीदार नसतो. असलाच तर तोही बारा तासांच्या कामाने मेलेला असतो. गोदामांकडे आणि मुंबई-नाशिक महामार्गावर मालमोटारी रात्रंदिवस धावतात. रात्री नीट श्वास न मिळालेला चालक दिवसा सुकाणूवर डुलकी घेतो तेव्हा त्याची किंमत तो एकटा मोजत नाही.

आणखी एका साक्षीविषयी बोलायला हवं. आतापर्यंतच्या बहुतेक कथांत घोरणारा नवरा असतो आणि जागणारी बायको. बायकोच्याच श्वासाला खीळ बसत असेल तर कोण सांगणार? रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा आजार वाढतो. त्यांच्यात तो अनेकदा झोप न लागणं, थकवा, उदासपणा या रूपांत दिसतो, आणि दवाखान्यात झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या देऊन त्यांना परत पाठवलं जातं. बाई घोरते हे कबूल करायला घरालाच लाज वाटते. मुंबईची पाहणी पुरुषांचीच होती. आपल्या आयाबहिणींची तशी मोजणी व्हायला हवी.

उपचारांची वाट आता पूर्वीइतकी अरुंद नाही. निदान एका रात्रीच्या तपासणीने होतं आणि योग्य रुग्णाला ती घरीही करता येते. श्वास तासाला पाच ते पंधरा वेळा अडला तर आजार सौम्य, पंधरा ते तीस वेळा मध्यम आणि त्यावर तीव्र समजतात. सौम्य आजारात वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि झोपण्याआधी दारू टाळणं यांनीच बराच फरक पडतो. काहींना खालचा जबडा पुढे धरणारं दातांवरचं साधन चालतं. मुलांच्या टॉन्सिलच्या वाढलेल्या गाठी काढल्या, की बहुतेकांना आराम पडतो. मध्यम आणि तीव्र आजारात सीपॅप अजूनही पहिला उपाय आहे. वजन घटवणारं टिर्झेपटाइड हे इंजेक्शन डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या या आजारासाठी मंजूर झालं.

सीपॅपच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हृदयरोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २,७१७ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ साली आले, सीपॅपने हृदयविकाराचे पुढचे झटके कमी झाले नाहीत. पेंग मात्र कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. त्या चाचणीत रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासांपेक्षाही कमी वेळ लावलं होतं. यंत्र कपाटात ठेवून आजार बरा होत नाही. पहिले काही आठवडे मुखवटा टोचतो, नाक कोरडं पडतं, कोंडल्यासारखं होतं. तेव्हा मुखवट्याचं माप बदलून घेणं, हवेला ओलावा देणारी टाकी जोडणं, दाब पुन्हा तपासून घेणं, हे करत राहिलं, की बहुतेकांची गाडी रुळावर येते. घरच्यांनी त्या यंत्राची थट्टा केली नाही, तर ती आणखी लवकर येते.

हा आजार वैद्यकाला सापडला तो कुणीतरी उशाशी जागं राहिलं म्हणून. फ्रायबुर्ग, मार्सेय, बोलोन्या आणि सिडनीत डॉक्टर जागले. आपल्या घरात ते काम आपलंच आहे. शेजारी झोपलेल्या माणसाचं घोरणं मध्येच तुटत असेल आणि फुत्कार टाकून पुन्हा सुरू होत असेल, तर हसू नका आणि कूस बदलून विसरूही नका. मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करा. त्याला घेऊन कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि बोलताना त्याच्याआधी तुम्ही बोला. झोपलेल्या माणसाची बाजू जागा माणूसच मांडू शकतो.